पिवळ्या घरावर डोळा

दुपारच्या धुक्याने अर्धं बंदर गिळलं होतं आणि रंगाच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी तो आत आला. छत्री दाराशी झटकली, खिशातून रुमाल काढला आणि काउंटरवर असा अलगद उलगडला, की जणू आत सोनंनाणं असावं.

आत होता रंगाचा पोपडा. नखाएवढा, पिवळा.

"असाच रंग हवाय," तो म्हणाला. "अगदी थोडा. तळहाताएवढा पुठ्ठा रंगवण्यापुरता."

काउंटरमागच्या मुलीला सगळे चिमटी म्हणत. एक तर ती रंगात रंग चिमटीने मिसळायची, आणि दुसरं, तिच्याशी बोलणाऱ्याला एखादा चिमटा बसल्याशिवाय राहायचा नाही. तिने पोपडा उचलून उजेडात धरला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. हा पिवळा तिने स्वतः कालवला होता. त्यात गेरूची चिमूट होती, काळ्याचा थेंब होता. असा रंग अख्ख्या शहरात एकाच भिंतीला होता, आणि त्या भिंतीच्या आत ती राहत होती.

"कुठून आणलात?"

"सापडला."

"पोपडे सापडत नाहीत. खरवडावे लागतात."

"पायरीवर पडला होता... खरंच."

"कुठल्या पायरीवर?"

तो घुटमळला. "वरच्या."

वरच्या! या शहरात बंदर सोडलं तर सगळंच वरचं होतं. चिमटीने डबे उघडले, रंग कालवला आणि मुद्दाम काळ्याचा थेंब गाळला. बघू या, साहेबांचा डोळा किती पोचलेला आहे ते.

दुसऱ्या दिवशी तो परत दारात. "हा तो नाही," तो नम्रपणे म्हणाला. "सकाळी चालतो. पण दुपारी ऊन डोक्यावर आलं की हा चमकतो. तो चमकत नाही."

"दुपारी ती भिंत तुम्ही कुठून बघता?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "...लांबून," तो म्हणाला, आणि नवी डबी घेऊन निघून गेला. डोळे मात्र चांगले होते मेल्याचे, समुद्राकडे बघून बघून निवळल्यासारखे. चिमटीने ही नोंद मनातल्या मनात घेतली आणि लगेच स्वतःवरच चिडली. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव ठेवलं, खरवड्या.

आता इतका संशय घ्यायचं कारण काय, असं कुणी विचारील. कारण होतं.

शहर म्हणजे डोंगराला टेकवलेली शिडीच. खाली क्रेन, गोदामं आणि भोंगे. वर पायऱ्या, पायऱ्यांना फुटलेल्या आणखी पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली घरं. जहाज रंगवून झालं की डब्यात उरेल तो रंग घराला लावायचा, ही इथली जुनी रीत. त्यामुळे कुणाचं घर लाल, कुणाचं जांभळं, कुणाच्या दाराचा खिडकीशी मेळ नाही. टपालवालासुद्धा रंगावरून घर शोधायचा. म्हणून रंग बदलायचा तर आधी गल्लीला विचारायचं, असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

आणि आता या डोंगरावर चुनेवाला हिंडत होता. एका हॉटेल कंपनीचा हा दलाल. गोड बोलून घर विकत घ्यायचा, आणि घर ताब्यात आलं की पहिलं काम म्हणजे त्याला पांढरंफटक करायचं. लोकांनी त्याला चुनेवाला म्हणायला सुरुवात केली ती रंगावरून, पण व्यवहार झाल्यावर बऱ्याच जणांना त्या नावाचा दुसरा अर्थही कळला होता. चिमटीच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर गेलं, त्याच्या खालचं गेलं. आता त्याची नजर पिवळ्या घरावर होती.

घर आत्याच्या नावावर होतं. चिमटीला तिनेच वाढवलं, याच घरात. पण आत्याचे गुडघे आता पायऱ्यांना शिव्या घालत होते. चुनेवाला खाली सपाटीवर लिफ्ट असलेली जागा देतो म्हणत होता, आणि हल्ली आत्या त्याला चहा विचारायला लागली होती. चिमटीला धास्ती होती ती त्या चहाची. हे घर गेलं तर आपलं म्हणावं असं तिच्याजवळ काही उरणार नव्हतं.

अशात हा खरवड्या. चुनेवाल्याचा माणूस नाही तर कोण?

डोंगरावर तारेवर ओढली जाणारी एक तिरकी गाडी होती. दोन डबे, एक वर निघाला की दुसरा खाली यायचा आणि मधोमध दोन्ही एकमेकांना घासून जायचे. रोज सकाळी चिमटी कामावर उतरायची तेव्हा तो वर चढत असायचा. क्षणभर काचेला काच समोर यायची. पहिल्या दिवशी तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मान लववली. पुढे पुढे तर ती काचेवर साठलेलं दव बाहीने पुसून ठेवायला लागली... अर्थात नीट लक्ष ठेवता यावं म्हणून. शत्रूवर नजर नको ठेवायला?

एका संध्याकाळी रिमझिम लागली होती आणि ती पायऱ्या चढत होती. बघते तो काय, पुढे आत्या चाललेली, आणि आत्याची भाजीची पिशवी त्याच्या हातात.

"अगं, हे भले गृहस्थ भेटले," दाराशी पोचल्यावर आत्या म्हणाली. "आपलं घर कुठलं ते सांगायचीसुद्धा वेळ आली नाही. सरळ दाराशी आणून उभं केलं."

"हो का?" चिमटी त्याच्याकडे बघत म्हणाली. "घर बरं ठाऊक यांना."

"पिवळं आहे ना..." तो पुटपुटला. "लगेच दिसतं."

आत्या आत गेली. तो जिन्यापाशीच उभा राहिला. केसांवरून पाणी ओघळत होतं आणि छत्री होती काखेत, मिटलेली.

"छत्री उघडायची असते," ती म्हणाली.

"पिशवी आणि छत्री दोन्ही जमेना."

"मग छत्री धरायची होती. पिशवीपेक्षा डोकं महाग असतं... काहींचं."

तो हसला. हसला की एका गालाला खळी पडायची. चिमटीने घाईघाईने पायरीकडे बघितलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ही गॅलरीवरची वेल फार माजलीय. थोडी छाटाल का? भिंत झाकली जातेय."

"आमची वेल, आमची भिंत. तुम्हाला काय त्रास?"

"त्रास नाही. नुसतं म्हटलं... आणि घराचा रंग वगैरे बदलायचा विचार नाही ना तुमचा?"

आता मात्र हद्द झाली. "तुम्ही नक्की काय काम करता हो?"

"बंदरात आहे. शिकाऊ."

"काय शिकता? लोकांच्या भिंती मोजायला?"

"तेवढं सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि ओल्या पायऱ्या उतरून गेला.

रात्री जेवताना आत्या म्हणाली, "मुलगा बरा वाटला."

"गोगलगाय नि पोटात पाय," चिमटी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने वेल छाटली. का छाटली, ते तिला विचारून उपयोग नव्हता. तिलाच माहीत नव्हतं.

तो दुकानात येतच राहिला. कधी ब्रश हवा, कधी नुसताच टर्पेंटाइनचा भाव. तिने हिरवा कालवला की तो म्हणायचा, धुक्यात हा करडा दिसेल. लाल कालवला की म्हणायचा, संध्याकाळी हा काळा पडेल. खरंच तसं व्हायचं. रंगांशी असं बोलणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

"आणि मी?" एकदा ती डबा ढवळता ढवळता बोलून गेली. "मी धुक्यात कशी दिसेन?"

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

"तुम्ही दिसालच," तो म्हणाला.

त्या रात्री झोप लागली नाही हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. तो आवडायला लागला होता, आणि तीच खरी पंचाईत होती. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या घालून मोकळं होतं. आवडत्याने फसवलं तर घालायच्या कुणाला?

शंकेला पुरावा मिळाला तो शुक्रवारी. गिऱ्हाइकाला डबे पोचवायला ती बंदरावर गेली होती. तिथल्या जुन्या दगडी इमारतीत त्या हॉटेल कंपनीचं ऑफिस होतं. त्या इमारतीच्या दारातून चुनेवाला बाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग खरवड्या. चुनेवाल्याने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. त्याने मान लववून आभार मानले. अगदी तशीच मान, जशी रोज सकाळी काचेपलीकडे लववायचा.

चिमटी डबे तसेच हातात घेऊन उभी राहिली. बोटांवर वळ उठले तरी तिला कळलं नाही.

घरी येऊन ती आत्याला म्हणाली, "तुझा भला गृहस्थ चुनेवाल्याचा निघाला."

"डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं. आणि उद्या तूही बघशील. मी घराला निळा फासते. त्याला फक्त रंग आवडत असेल, तर येईल, हळहळेल आणि जाईल. पण सौद्यात त्याचा हात असेल ना, तर बघ कसा धावत येतो."

"गल्लीला विचारलंस?"

"गल्लीने घरं विकताना मला विचारलं होतं?"

आत्याने तिच्याकडे बघितलं आणि जुनी साडी काढून दिली, रंग पुसायला.

शनिवारभर चिमटीने दर्शनी भिंत रंगवली. दुकानात निळाच उरलेला होता. शेजारचं घर निळं, खालचंही निळं. संध्याकाळी पिवळं घर त्या दोघांत असं मिसळून गेलं, की गल्लीतलेच लोक दार चुकायला लागले. समोरच्या म्हातारीने तर तिचं नाव घेऊन बोटं मोडली. चिमटीचा जीव रडकुंडीला आला होता, पण माघार घेईल तर ती चिमटी कसली.

रविवारी सकाळी तो आला. धावतच आला. शेवटच्या पायऱ्या दोन दोन करून चढला आणि भिंतीसमोर उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता.

"हे... का केलंत?"

"आमचं घर आहे."

"उद्यापर्यंत तरी थांबायचं होतं. फक्त उद्यापर्यंत..."

"उद्या काय आहे? खरेदीखत?"

"माझी परीक्षा आहे उद्या."

"भिंतीच्या रंगाची परीक्षा? कुठल्या शाळेत असते ती?"

तो ओठ दाताखाली धरून उभा होता.

"सांगा ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध हळवा झाला. "काहीतरी सांगा. मी विश्वास ठेवीन. खोटं असलं तरी आज ठेवीन."

त्याने तिच्याकडे असं बघितलं, की क्षणभर तिला वाटलं, सांगतोय. पण तो म्हणाला, "शब्द दिलाय. सांगता येत नाही."

"कुणाला दिलाय? चुनेवाल्याला?"

"कोण चुनेवाला?"

"ज्याने तुमच्यासाठी दार धरलं तो."

"दार तर कुणीही..." तो गोंधळून थांबला. मग हळूच म्हणाला, "खोटं सांगून सुटलो असतो. पण तुम्हाला खोटं सांगायचं नाहीये." आणि तो पायऱ्या उतरत गेला. या वेळी त्याने मागे वळून बघितलं नाही. चिमटी आत आली, दार लावलं आणि निळ्याने माखलेल्या हातांत तोंड लपवून मनसोक्त रडली.

सोमवारी सकाळी आत्या गॅलरीत चहाचा कप घेऊन बसली होती. धुकं विरळ होत होतं. बाहेर एक मोठं मालवाहू जहाज बंदराच्या तोंडाशी आलं होतं.

"चिमटे," आत्याने हाक मारली. "हे जहाज आज असं वेडंवाकडं का करतंय गं?"

"मला काय माहीत," आतून केस पुसत ती म्हणाली.

"नाही, म्हणजे रोज कसं... तिथे खडकांपाशी आलं की वळतं आणि सरळ आपल्याकडे तोंड करतं. तू लहान असताना घाबरायचीस, जहाज घरात येतंय म्हणून. आज बघ, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं चाललंय. कुणाला शोधतंय काय."

चिमटीचा हात केसांतच थांबला.

सरळ आपल्याकडे तोंड करतं. म्हणजे जहाजावरचं कुणीतरी सरळ आपल्याकडे बघत असतं. रोज. लांबून. धुक्यातून, दुपारच्या उन्हातून. म्हणूनच तो पुठ्ठा, हा रंग डोळ्यांत पक्का बसावा म्हणून. वेल वाढली तर त्याला अडचण होते. पिवळं गेलं तर... आणि त्या दगडी इमारतीत फक्त कंपनीचंच ऑफिस आहे असं कुणी सांगितलं होतं? तळमजल्यावर तर पायलट लोकांची कचेरी होती! बंदरावरचे पायलट, त्यांचा विमानाशी काही संबंध नाही. आलेल्या जहाजावर चढून त्याला खडकांमधून वाट दाखवत आत आणायचं, हे त्यांचं काम. दिवे नि तरंगती पिंपं सगळ्यांसाठी असतात, पण प्रत्येक जुन्या पायलटच्या किनाऱ्यावर स्वतःच्या काही खुणा असतात. त्या तो एकट्या शिष्याला देतो, आणि बाहेर फोडायच्या नाहीत असा शब्द घेतो. हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त खूण कुठली, ते कुणालाच ठाऊक नसायचं.

"आत्या, आपली पिवळी चादर कुठेय?"

"पलंगावर. का गं?"

तिने चादर पलंगावरून ओढली, गोळा करून छातीशी धरली, आणि ओल्या केसांनी तशीच गॅलरीत धावली. कठड्याला वाकून ती क्षणभर नुसतीच बघत राहिली. मग चादर सोडायला लागली, तर तिचं एक टोक वेलीत अडकलं. आत्या मदतीला उठली, गुडघे विसरून. दोघींनी चादर सोडवून भिंतीवर पसरली तोवर दूरच्या जहाजाने नाक फिरवलं होतं. सावकाश, डौलात ते खडकांच्या मधोमध आलं आणि सरळ त्यांच्या दाराकडे तोंड करून चालू लागलं.

"आलं गं बाई," आत्या म्हणाली.

चादरीचं टोक चिमटीने मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

दुपारी चुनेवाला आला. आत्याने त्याला दारातच उभं केलं, चहा विचारला नाही. "माझे गुडघे माझे मी बघून घेईन," ती म्हणाली. "घर विकायचं नाही." का, असं त्याने विचारलं. "जागेवरून हललो तर कुणाची तरी वाट चुकेल," एवढंच सांगून तिने दार लावलं. चिमटीने तिला मागून मिठी मारली, तशी ती म्हणाली, "सोड, श्वास कोंडतोय."

संध्याकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली. सावकाश, दमलेली. चिमटी दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली. "तुम्ही बोलू नका, शब्द मोडेल. मीच बोलते. मी संशय घेतला, वाईट बोलले, भिंत रंगवली. चुकलं माझं. पुढच्या रविवारी पुन्हा पिवळी करते. आणि आज ती चादर वेळेवर—"

"कसली चादर?"

ती थबकली. "पिवळी. भिंतीवर पसरली ती. ती बघूनच वळलात ना?"

"मला चादर दिसलीच नाही," तो म्हणाला. "दिसली असेल नंतर. मी आधीच वळलो होतो."

"मग कशावरून वळलात?"

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. तो कठड्याकडे बघत बोलायला लागला, अडखळत. "वस्ताद शेजारी उभे होते. म्हणाले, खूण गेली तर गेली, शोध. डोंगर सगळा सारखाच दिसत होता. दुर्बीण फिरवत होतो. आणि तुम्ही बाहेर आलात."

"मी?"

"रोज येता ना, त्याच वेळेला. केस वाळवायला. कठड्याला असं वाकून... आज धावत आलात, एवढाच फरक." त्याने श्वास घेतला. "वस्तादांनी ज्या खुणा दिल्या, त्यांच्याबद्दल मी मेलो तरी बोलणार नाही. पण ही त्यांनी दिलेली नाही. ही माझी मी शोधली. ती सांगायला मला कुणाची बंदी नाही."

खाली भोंगा वाजला. दिवे लागायला सुरुवात झाली होती, एकेका रंगाच्या भिंतीवर एकेक. चिमटीला खूप काही सुचत होतं, पण एकही चिमटा त्यात नव्हता.

मग तिच्या कपाळावर हळूच आठी पडली.

"म्हणजे तुम्ही रोज सकाळी, दुर्बिणीतून, आमच्या घरात बघत होता."

"घरात नाही. गॅलरीत."

"किती दिवस?"

"...पोपडा घेऊन आलो, त्याच्या बरंच आधीपासून."

"आत्या," ती त्याच्यावरची नजर न हलवता म्हणाली, "ऐकलंस का? मला आधीपासून संशय होताच."

"ऐकतेय," आतून आत्याचा आवाज आला. "त्याला म्हणावं, उद्यापासून पायऱ्या चढून येऊन बघत जा. आणि दारात ताटकळत ठेवू नकोस त्याला, आत घे."

चिमटी बाजूला सरली. तो आत जाताना त्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि तिने तो सोडला नाही.